हिरवा ठिपका

दूध काढायच्या खोलीला खिडकी नव्हती. आधी तिथे बंद पडलेले मॉनिटर आणि वायरींची गुंतवळ ठेवायचे. मग एचआरच्या मॅडमनी मनावर घेतलं, सामान हलवलं, एक आरामखुर्ची आणली, एक बुटका फ्रीज आणला आणि भिंतीवर कागदी फुलपाखरं चिकटवली. दारावर पाटी लागली 'मातृकक्ष'. तो शब्द कुणीच वापरला नाही. आम्ही नुसतं 'खोली' म्हणायचो. 'खोलीत जाऊन येते' म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसायची.

पंप घर्र-टक, घर्र-टक करत राहायचा. बाळाचा विचार केला की दूध चांगलं येतं, असं सगळ्या सांगतात. म्हणून मी मोबाइलवर ठकीचा व्हिडिओ लावायचे. ठकी म्हणजे माझी लेक. आईनं हातात चमचा धरलाय आणि ठकी त्या चमच्याला हसतेय, एवढाच तो व्हिडिओ. मी तो कुणा शेजारणीच्या मुलीचा असावा तसा बघायचे. दूध तरी यायचं. शरीर आपलं काम करत होतं आणि मी त्याच्या आड येत नव्हते, इतकंच.

सकाळी निघताना आई रोज विचारायची, "खाल्लंस का?"

"हो."

"काय खाल्लंस?"

यावर मला थांबावं लागायचं. खाल्लेलं असायचं, पण आठवायचं नाही.

ऑफिसात आम्ही तिघी एका ओळीत बसायचो. थोरली डेटाबेस सांभाळायची, तिची मुलगी कॉलेजात. धाकटी नवीनच लागलेली, अजून कायम न झालेली. मधली मी. ही नावं आमची आम्हीच पाडलेली. आमचे सर एकदा म्हणाले होते, "इथं कोडही जावा आणि बसलेल्याही तीन जावा, भांडू नका म्हणजे झालं." थोरलीनं वर न बघता उत्तर दिलं होतं, "सासरा बरा असला की जावा भांडत नाहीत, सर." सगळा मजला हसला होता. सरही हसले होते. वाईट माणूस नव्हता तो.

पण त्याच सरांच्या एका वाक्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. मी लागायच्या आधीची गोष्ट. सगळ्यांच्या नावापुढे स्क्रीनवर एक ठिपका दिसतो. माणूस काम करत असला की हिरवा, जरा वेळ माउस हलला नाही की पिवळा. कधीतरी मीटिंगमध्ये सर म्हणाले होते, "काही लोकांचे ठिपके हल्ली फार पिवळे पडायला लागलेत, कावीळ झाली की काय?" तेव्हा थोरलीच्याच टीममधली एक नुकती बाळंतपणावरून परत आली होती. ती खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवसापासून थोरली तिची खुर्ची राखायला लागली. ती दूध काढायला गेली की थोरली तिच्या जागेवर बसून माउस हलवायची. ती बाई पुढे नोकरी सोडून गेली, पण रीत राहिली. मग आणखी कुणी बाळंतीण आली, तिची खुर्ची राखली. कुणाचे वडील दवाखान्यात होते, तिची राखली. माझ्या वेळेला शेजारी धाकटी होती.

नियम एकच, थोरलीनं घालून दिलेला. माउस हलवायचा, दुसऱ्या कशाला बोट लावायचं नाही.

स्क्रीन मध्येच लॉक व्हायची, म्हणून पासवर्ड सांगावा लागायचा. कंपनी दर महिन्याला तो बदलायला लावते. मला काही सुचायचं नाही, म्हणून मी ठकीचं नाव आणि तिचं त्या महिन्याचं वजन ठेवायचे. त्यामुळे माझ्या लेकीचं वजन आधी या दोघींना कळायचं आणि मग तिच्या बाबाला. नवा पासवर्ड कानात सांगितला की थोरली म्हणायची, "वाढली की." एका महिन्यात ठकीला सर्दी होती, तेव्हा आकडा जवळजवळ तोच राहिला. थोरलीनं दिवसभर मला सोडलं नाही. "वरचं काही देतेस की नाही? मऊ करून दे. ताण घेऊ नकोस, पण दे."

त्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती. मेसेजच्या टीमची लीड होणं. पदाचं मला अप्रूप नव्हतं. लीडला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येतं. दोन दिवस ठकी पलीकडच्या खोलीत असेल, भिंतीतून तिचा आवाज येईल, दूध बाटलीत न भरता तिला घेता येईल. सरांनी जवळजवळ कबूल केलं होतं. "हा रिलीज नीट जाऊ दे, मग तुझं नाव वर पाठवतो." मला वाटत होतं, तेवढं मिळालं की मला पुन्हा काहीतरी वाटायला लागेल.

आमची कंपनी दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवते. पेशंटला 'उद्या अमुक वाजता या' असा जो मेसेज जातो, तो आमचा. त्यात कुणीही काही बदल केला की तो माझ्याकडे यायचा, मी तपासून अप्रूव्ह केल्याशिवाय पुढे जायचा नाही.

त्या दुपारी मी खोलीत होते. एका दवाखान्यातल्या डॉक्टरांना अचानक रजा घ्यावी लागली होती. त्यांच्या पेशंटना 'तुमची उद्याची वेळ रद्द झाली आहे' असं कळवायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या टीमनं घाईघाईत बदल करून पाठवला. सरांनी ऑफिसच्या चॅटवर मला विचारलं, "आहेस ना? एक अप्रूव्ह राहिलंय, सगळे तुझ्यासाठी थांबलेत." माझा ठिपका हिरवा होता. खुर्चीवर धाकटी होती.

नंतर तिनं मला सगळं सांगितलं, तेही पुन्हा पुन्हा. आधी ती गप्प बसली. मग सरांचा दुसरा मेसेज आला, नुसतं प्रश्नचिन्ह. हिरवा ठिपका आणि उत्तर नाही, हे पिवळ्यापेक्षा वाईट दिसेल असं तिला वाटलं. तिनं बदल उघडून वाचला. छोटासाच होता. तिला बरोबर वाटला. तिनं अप्रूव्ह केलं.

जे लिहिलं होतं ते बरोबरच होतं. 'फक्त याच दवाखान्यासाठी' असं सांगणारी ओळ मात्र राहून गेली होती. लिहिलेलं तपासणं सोपं असतं, न लिहिलेलं दिसायला सवय लागते.

मी खोलीतून आले तेव्हा ती म्हणाली होती, "ताई, ते एक ओके केलं बरं का मी." मी बाटल्या पिशवीत ठेवत होते. मी "हं" म्हटलं. काय ओके केलं, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सगळ्या दवाखान्यांतल्या सगळ्या पेशंटची वेळ रद्द झालेली होती. दवाखाने उघडे आणि बाकं रिकामी. फोन वाजायला लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी दवाखान्यात फोन करून विचारलं, "माझं काही चुकलं का? मला का नको म्हणालात?" हे आम्हाला सपोर्टच्या माणसानं वाचून दाखवलं. सगळ्यांचे चेहरे उतरले. मी ऐकत होते आणि माझ्या मनात आलं, पंपाची रबरी झडप सैल झालीय, नवीन घ्यायला हवी.

मग सरांनी सिस्टीममध्ये बघितलं. अप्रूव्ह करणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

धाकटी वॉशरूममध्ये जाऊन रडून आली. चेहरा धुतला होता तरी कळत होतं. "मी सांगते सरांना," ती म्हणाली.

थोरलीनं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. आवाज न चढवता बोलली, तिला रागवायचं असलं की ती असंच बोलते. "काय सांगशील? दुसरीच्या लॉगिनवरून अप्रूव्ह केलं? चूक माफ होते गं, लॉगिन वापरलेलं होत नाही. संध्याकाळपर्यंत घरी असशील. तू अजून कायम पण नाहीस."

"मग ताईनं का भरायचं?"

थोरली माझ्याकडे वळली. "तुला चुकीबद्दल चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. लीडपद पुढच्या वेळी. नोकरी काही जात नाही. सांग, 'घाईत नजर चुकली.' तीन शब्द आहेत. खोली, खुर्ची, ठिपका, यातलं काही बाहेर काढू नकोस. उद्या दुसरी कुणी येईल पोटुशी, तिची खुर्ची कोण राखेल मग?"

मी मान हलवली. ती म्हणत होती ते खरं होतं. दोन दिवस घरून काम गेलं, हेही मला कळत होतं, एखादी बातमी कळावी तसं.

मीटिंग जेवणानंतर होती. काचेची खोली, सर, एचआरच्या मॅडम, वरच्या मजल्याचे दोघं आणि मी. लिफ्टजवळच्या भिंतीवर माझा फोटो लावलेला होता, 'परतलेल्या माता, आमची ताकद' अशा अक्षरांखाली. काचेतून तो दिसत होता. फोटोत मी हसत होते. तो कधी काढला, तेही मला आठवत नव्हतं.

"कुणाला दोष द्यायला जमलेलो नाही आपण," सर म्हणाले. "फक्त समजून घ्यायचंय. तू एवढं बारीक बघणारी. अप्रूव्ह करताना तुझ्या मनात काय होतं?"

तीन शब्द होते. घाईत नजर चुकली. मी तोंड उघडलं आणि ते शब्द माझ्याकडे नव्हते. मनात काय होतं? मनात काही असल्याला किती दिवस झाले होते. मला इतकंच आठवलं की त्या वेळी मी फुलपाखरं बघत होते, त्यातल्या एकाचा पंख सुटून लोंबत होता.

"मी तिथे नव्हते," मी म्हटलं. "मी खोलीत होते. दूध काढत होते."

वरच्या मजल्यावरचा एक जण टेबलाकडे बघायला लागला.

"पण तुझा ठिपका हिरवा होता," सर म्हणाले.

"तो आम्ही हिरवा ठेवतो."

"आम्ही म्हणजे?"

"बायका." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता, आईनं दुसऱ्या खोलीतून सामानाची यादी सांगावी तसा. "एक आत गेली की दुसरी तिची खुर्ची राखते. फक्त माउस हलवायचा असतो. पिवळा होऊ नये म्हणून."

"पिवळा झाला तर काय होतं?"

मी सरांकडे बघितलं. ते खरोखर विचारत होते.

"तुम्ही म्हणाला होता, सर. मीटिंगमध्ये. ठिपके पिवळे पडतात, कावीळ झाली का."

"मी?" ते मॅडमकडे बघून हसले, मग हसू गेलं. "कधी? मला तर काही... मी असं म्हटलं?"

त्यांना आठवत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, हे चेहऱ्यावरून कळत होतं. चहा घेता घेता सुचलेला विनोद. त्यावर आम्ही इतकी वर्षं एकमेकींच्या खुर्च्यांवर बसून माउस गोल गोल फिरवत होतो.

एचआरच्या मॅडम कळवळून म्हणाल्या, "अहो, पण मी खोली दिली ना तुम्हाला! फ्रीज दिला!"

"हो मॅडम. खोली छान आहे."

"मग त्या वेळी तुमच्या जागेवर कोण होतं?"

काचेपलीकडे धाकटी उभी होती. हातात रिकामा कप, दाराकडे यायला निघालेली. मी तिच्याकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. माशी उडवताना हलवतात, तेवढीच.

"लॉगिन माझं आहे," मी म्हटलं. "पासवर्ड मी दिला. काय ओके केलं हे मला विचारता आलं असतं, मी विचारलं नाही. माझंच नाव ठेवा. जागेवर कोण होतं, ते मी सांगणार नाही."

मॅडमनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मला धीट वगैरे वाटत नव्हतं. नाही म्हणायला फार ताकद लागत नाही, आत सगळं बधिर असलं की.

निकाल संध्याकाळीच लागला. मला ताकीद मिळाली. अप्रूव्ह करायचं काम काढून घेतलं. लीड वरच्या मजल्यावरचा एक जण झाला. माझा फोटो मात्र भिंतीवर राहिला, तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ठकीच्या बाबाला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोन दिवसांचं बघू आपण काहीतरी." मी "बघू" म्हटलं.

धाकटी निघताना माझ्याजवळ आली. "ताई, मी उद्या जाऊन सांगतेच."

"तू गेलीस तर मी आज बोलले ते फुकट जाईल."

"पण मला झोप नाही यायची."

"मला कुठे येते," मी म्हटलं. ती रडता रडता हसली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. रोज माझ्या टेबलावर बिस्किटाचा पुडा ठेवून जायची, तेवढंच.

थोरलीनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. डबा ती दुसऱ्या टेबलावर खायला लागली. एकदाच, पाण्याच्या मशीनपाशी, बाटली भरता भरता म्हणाली, "माझी मुलगी तान्ही होती तेव्हा खोली नव्हती. बेसिनमध्ये सोडलं मी दूध. नळ चालू ठेवून, आवाज येऊ नये म्हणून. मग ठरवलं, दुसरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. आणि तू ते चार पुरुषांसमोर मांडून आलीस." एका मॅडमनाही तिनं पुरुषांतच धरलं होतं. बाटली भरून वाहायला लागली, तिनं बटण बंद केलं आणि गेली.

खुर्ची राखायची रीत मोडली. कुणी मोडा म्हटलं नाही, पण आता कुणाची हिंमत होईना. पासवर्ड ज्याचा त्यानं ठेवायचा, असा फतवा निघाला होता. मी नवीन पासवर्ड ठेवला, नुसती अक्षरं, कशाचाच अर्थ नसलेली.

पहिल्या दिवशी खोलीत जाताना मी स्क्रीन तशीच सोडली. धाकटी स्वतःच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. माझ्या माउसकडे बघत होती, पण हात लावत नव्हती.

आत पंप लावला. घर्र-टक. मोबाइलवर मी माझं नाव उघडून ठेवलं. ठिपका हिरवा होता. मग बघता बघता पिवळा झाला. काही झालं नाही. दिवा गेला नाही, कुणी दार वाजवलं नाही.

मग सरांचा मेसेज आला. "कुठे आहेस?"

मी एका हातानं टाइप केलं, "खोलीत. जरा वेळ लागेल."

थोडा वेळ तीन टिंबं हलत राहिली. सर काहीतरी लिहीत होते, खोडत होते. मग आलं, "ठीक."

एवढंच. मी तो शब्द बघत बसले. चांगल्या मनानं लिहिलाय की चिडून, काहीच कळत नव्हतं. बाटली भरली, वरून थेंब मांडीवर पडला, तेव्हा माझं लक्ष गेलं.

बाहेर आल्यावर मी थोरलीच्या टेबलापाशी गेले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग बोटानं स्क्रीन वर सरकवून बघितली, खाली आणखी काही असेल म्हणून.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मोबाइल परत दिला. चष्मा डोळ्यांवर ओढला आणि उठून वॉशरूमकडे गेली. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मी आत गेले नाही.

महिना उलटला तेव्हा एकदा चहा घेताना धाकटी चाचरत म्हणाली, "ताई, एक विचारू? ठकीचं वजन किती झालं गं आता? या वेळी कळलंच नाही."

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मलाच माहीत नव्हतं. नवा पासवर्ड ठेवायचा म्हणून मी दर महिन्याला वजन करायचे. या महिन्यात गरज पडली नाही, म्हणून केलंच नाही.

घरी गेले तेव्हा ठकी आईच्या खांद्यावर होती. मी पिशवी ठेवली, हात धुतले आणि पलंगाखालून वजनकाटा ओढून काढला.

"आल्या आल्या हे काय?" आई म्हणाली. "आधी काहीतरी खा."

"खाते. आधी हिला दे."

एकटी ठकी काट्यावर ठरत नाही, म्हणून आधी तिला घेऊन मी उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी करते. ती माझ्या कानातलं ओढत होती. मी आकडा बघितला. मग तिला आईकडे दिलं आणि पुन्हा काट्यावर चढले.

हात रिकामे झाले आणि ते हलके झालेले मला कळले. कोपरापासून मनगटापर्यंत, जिथे ती टेकली होती, तेवढा भाग. उगाच काहीतरी दुखल्यासारखं झालं. मी काट्यावरच उभी राहिले. खालचा आकडा धूसर दिसायला लागला, तो वाचायला मला डोळे पुसावे लागले.

"काय झालं गं?" आई म्हणाली. "कमी भरली का?"

"नाही."

आमच्या तिघींचा एक ग्रुप होता, मीटिंगच्या दिवसापासून त्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. मी त्यावर आकडा टाकला. नुसता आकडा, बाकी काही नाही.

धाकटीनं लगेच चार-पाच हसरे चेहरे पाठवले. मी काट्यावरून उतरले, ठकीला परत घेतलं, आईनं पुढे केलेल्या ताटापाशी बसले. पहिला घास तोंडात होता तेव्हा मोबाइल पुन्हा वाजला. ठकीनं झडप घातली, मी तो वर धरून वाचला.

थोरलीचा होता. "वाढली की."